तरफा कपाटात आहेत

नव्या बाईंना शाळेत येऊन अकरा महिने झाले होते, तरी त्या नव्याच होत्या. या शाळेत माणूस जुना होतो तो कायम झाल्यावर. त्यांच्या आधीच्या नव्या बाई सहा वर्षं नव्या राहिल्या आणि नव्या असतानाच गेल्या.

घरी हीच गोष्ट दाराशी उभी होती. हमालांनी आईचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं, उंबऱ्याच्या आत टेकवलं, आणि आईने ते तिथून पुढे जाऊ दिलं नाही. दोन नोकऱ्या सुटल्या होत्या, दोन घरं बदलली होती. तू कायम झालीस की भिंतीला लावू, नाहीतर पुन्हा दारापर्यंत ओढायचं कुणी, असं तिचं म्हणणं. त्यामुळे घरात अंग चोरून शिरावं लागे, आणि बाईंच्या डाव्या कोपरावर एक काळानिळा डाग कायम झाला होता. कायम झालेलं तेवढंच.

त्या दिवशी अकरा वाजता तपासनीस येणार होते. चौथीचा एक पाठ पाहून बाईंना ठेवायचं की नाही, ते कागदावर लिहिणार होते. पाठ होता बल आणि साधी यंत्रे. बाई साडेआठलाच हजर झाल्या. फळा दोनदा पुसला. खुर्चीवर बसल्या, उठल्या, खुर्ची सरकवली, मग होती तिथेच आणून ठेवली.

वास्तविक काळजीचं कारण नव्हतं. शाळेकडे साध्या यंत्रांची पेटी होती. तरफा, कप्प्या, उतरणीची फळी, पाचर, सगळं. सात वर्षांपूर्वी आली आणि आली तशीच राहिली, कारण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती चौथीच्या वर्गातल्याच लोखंडी कपाटात कुलपात ठेवली होती. मुलांनी हात लावला की वस्तू जुनी होते, हे त्यांचं अनुभवाचं मत. दरवर्षीची चौथी तरफेचं चित्र काढायची आणि पाचवीत जायची.

आज मात्र पेटी निघणार होती. पावणेदहाला मोठ्या बाई किल्ली काढायला स्वतः आल्या. किल्ली कपाटाच्या माथ्यावर असायची, ही गुप्त गोष्ट फक्त त्यांना आणि संबंध शाळेला ठाऊक होती. ती हरवू नये म्हणून तिला साबणाच्या वडीएवढा लाकडी ठोकळा बांधला होता. मोठ्या बाईंनी टाचा उंचावल्या, वर हात फिरवला, ठोकळ्याला बोटं लागली आणि तो कपाटामागे गेला.

"किल्ली पडली," त्या म्हणाल्या. जणू किल्लीने आधी परवानगी घ्यायला हवी होती.

शिपाईकाकांनी जमिनीवर पालथं पडून पाहणी केली. मागची फरशी खचलेली होती, ठोकळा तिथून कपाटाखाली शिरला होता. पुढून दिसत होता, पण पुढची फट एक बोट आणि ठोकळा दोन बोटं. कपाट हलवायचं तर आत चाळीस वर्षांची हजेरीबुकं. चार गडी हवेत, काका म्हणाले, आणि आपण तिघं मिळून दीडच होतो. मोठ्या बाईंनी तोडगा काढला. फळ्यावर चित्रं काढा, मुलांकडून म्हणून घ्या, साहेबांनी विचारलं तर पेटी रंगवायला दिली म्हणून सांगा. आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या.

दहाला मुलं आली, सव्वीस. बाई खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होत्या. पहिल्या बाकावर शंका बसायची. हजेरीत तिचं नाव दुसरं होतं, पण प्रत्येक तासाला एक शंका काढायची म्हणून हेच पडलं होतं. तिने विचारलं, बाई का फिरताहेत. बाईंनी खरं ते सांगून टाकलं: तरफा कपाटात आहेत, कपाटाला किल्ली हवी, किल्ली कपाटाखाली आहे, आणि ती काढायला...

"तरफ हवी," शंका म्हणाली.

सगळा वर्ग वळून कपाटाकडे बघू लागला. बाईंना आठवले ते जिन्यातले दोन हाडकुळे हमाल. त्यांनी आईचं कपाट ताकदीने नव्हे, एका पहारीने आणि चार लाकडी तुकड्यांनी वर चढवलं होतं. काकांकडे बागेची पहार होती. बाईंनी बागेच्या कडेची एक वीटही मागवली.

पहारीचं चपटं टोक फटीत घातलं, खाली वीट ठेवली, चार मुलं दुसऱ्या टोकाला लोंबकळली. कपाटाने दखल घेतली नाही. शंकाने वीट कपाटाच्या जवळ घ्यायला सांगितली. सी-सॉवर जाड मुलाला मधल्या बाजूला सरकवतात, तसं. वीट जवळ आली आणि कपाट कुरकुरलं. मग दांडा अजून लांब हवा, असं कुणीतरी म्हणालं. अंगणात झोपाळ्याचा लोखंडी नळ पडून होता. मुलं पडतात म्हणून झोपाळा काढला होता, तेव्हापासून मुलं नळाला अडखळून पडत होती. काकांनी तो आणून पहारीवर चढवला.

आता कपाटाची पुढची कड अर्धं बोट वर आली. बाईंनी बजावलं की हात कुणाचाही खाली जाणार नाही, जाईल ती पट्टी. डस्टर कडेखाली सरकवायचं होतं, म्हणजे कपाट तोललं गेलं असतं. पण डस्टर एवढंसं आत जाऊन अडकलं, आणि मुलांचे हात नळावरून निसटू लागले. आवाज ऐकून मोठ्या बाई धावत आल्या आणि सरकारी मालमत्ता वाचवण्यासाठी कपाटाला मिठी मारून उभ्या राहिल्या.

तेव्हा दारात तपासनीस दिसले. घड्याळात अकराला वीस कमी होते. आधीच्या शाळेतले शिक्षक रजेवर असल्यामुळे तिथला पाठ लवकर आटपला होता.

कुणी उभं राहिलं नाही, कारण निम्मा वर्ग नळावर होता. बाईंच्या डोळ्यांपुढून आईचं कपाट तीन जिने खाली उतरून गेलं.

शंकाने साहेबांना डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं. "साहेब, तुमचं वजन किती?"

गृहस्थ ऐसपैस होते. त्यांनी आकडा सांगितला.

"पुरेल. इथे, टोकाला."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. माफी मागायची हीच वेळ होती. "दोन्ही हातांनी, साहेब," बाई म्हणाल्या, आणि हे आपण म्हणालो हे त्यांना जरा उशिरा कळलं.

साहेबांनी बॅग ठेवली आणि नळ दाबला. कपाट वर आलं, डस्टर आत गेलं. आता सोडा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी तशाच अवस्थेत तपासणी सुरू केली. विटेला काय म्हणतात? टेकू. मग मी कोण? तुम्ही बल. आणि भार? वर्गाने कपाटाकडे पाहिलं, मिठी मारलेल्या मोठ्या बाईंकडे पाहिलं, आणि मागच्या बाकावरून प्रामाणिक उत्तर आलं: दोन्ही. साहेबांना खोकला आला. वीट लांब नेली तर काय होईल, असं त्यांनी शेवटी विचारलं.

"मग आणखी एक साहेब लागेल," शंका म्हणाली.

पट्टीने ठोकळा बाहेर आला. कपाट उघडलं, पेटी निघाली. तिच्यावरची चिकटपट्टी सात वर्षांची, अखंड. साहेब बाकावर बसून कागद भरू लागले आणि एका ओळीपाशी थांबले. शाळेकडील साहित्य वापरले काय, होय किंवा नाही. त्यांनी नव्या बाईंना विचारलं. त्यांच्या पाठीमागे मोठ्या बाई कानातली हलेपर्यंत होकारार्थी मान डोलवत होत्या.

बाईंनी एक पाय बदलला, मग दुसरा.

"नाही," त्या म्हणाल्या. "वीट वापरली."

साहेबांनी 'होय' खोडलं. बाईंना उलटं वाचता येत होतं, म्हणून तेवढं दिसलं. पुढची ओळ शिफारशीची. तिच्यावर साहेबांचा पंजा होता. लिहिणं बराच वेळ चाललं. बाईंनी खडू उचलला, ठेवला, परत उचलला.

मोठ्या बाईंनी सहीसाठी कागद घेतला आणि तीन वेळा वाचला. शिफारस: कायम करावे. खाली टीप होती, कपाटाची किल्ली यांच्याकडे राहावी. त्यांनी ठोकळा नव्या बाईंच्या हातात दिला, तो सोडायला मात्र थोडा वेळ लावला. हुकूम वरून येईल, त्या म्हणाल्या, तीन महिने धरा.

"म्हणजे बाई, तुम्ही आता जुन्या?" शंकाने विचारलं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या आणि पेटीची चिकटपट्टी नखाने उचकटू लागल्या.

संध्याकाळी त्या वीट पिशवीत घालून घरी गेल्या. आईने सगळं ऐकून घेतलं. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे तिने दोनदा सांगितलं. मग कपाटाकडे पाहून म्हणाली, "हुकूम येईपर्यंत अर्धं सरकवू."

दाराचा लोखंडी अडसर काढून, त्याखाली वीट ठेवून दोघींनी कपाट अर्ध्यावर नेलं. आता ते दारातही नव्हतं आणि भिंतीलाही नव्हतं, खोलीच्या मधोमध होतं. बाई त्याला वळसा घालून पाणी प्यायला गेल्या, आणि त्यांचं उजवं कोपर आपटलं.