पंचेचाळीस मिनिटं

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांच्याच नावानं एक पत्र आलं. चार ओळींचं. 'आपला अर्ज मंजूर झाला आहे. मागितलेले ध्वनिमुद्रण आमच्या कार्यालयात येऊन एकदा ऐकता येईल. अर्जात लिहिल्याप्रमाणे मुलीस सोबत आणण्यास हरकत नाही.' खाली शिक्का होता. बाबांनी ज्या सरकारी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं तोफगोळ्यांच्या चाचण्या घेतल्या, तिचा.

मुलीस. पत्र हातात घेऊन ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिली.

नऊ वर्षं बापलेकीत बोलणं असं नव्हतंच. म्हणजे अबोला नव्हता. गोळी घेतली का, नळ गळतोय, डॉक्टरांनी मंगळवारी बोलावलंय, एवढं चालायचं. त्यापलीकडे काही निघालं की दोघांपैकी एक जण उठून आत जायचा. आई गेली त्या दिवसापासून हे असं. त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यातून तिनं प्रयोगशाळेत फोन केला होता, दहा अठ्ठावन्नला. "आईचं काही खरं नाही, बाबांना लगेच पाठवा." ऑपरेटर म्हणाली, निरोप देते. प्रयोगशाळा ते दवाखाना, गाडीनं वीस मिनिटं. आई अकरा बावीसला गेली. शेवटपर्यंत तिचे डोळे दाराकडे होते. बाबा आले पावणेबाराला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. लेकीनं विचारलं होतं, "झाली का चाचणी?"

बाबा म्हणाले होते, "नाही."

एवढंच. त्या एका शब्दाचा तिनं नऊ वर्षं राग राग केला. हा माणूस चाचणी अर्धी टाकून आल्याचे उपकार सांगतोय, असं तिला वाटलं होतं.

प्रयोगशाळेच्या फाटकावरच्या सुरक्षा बाईनं तिचा फोन घेतला, किल्ल्या घेतल्या, पर्स घेतली आणि खिशाला लावलेलं पेनही काढून घेतलं.

"पेनसुद्धा?"

"पेनसुद्धा. डोक्यात काय न्यायचं ते न्या बाई, त्याला आमच्याकडे कप्पा नाही." मग पासावरचं नाव वाचून बाईनं मान वर केली. "घड्याळसाहेबांच्या का तुम्ही? तरीच. नाक तेच आहे. आले की पाच वेळा विचारायचे, माझ्या कागदाचं काय झालं. निवृत्त झाल्यावर दर वर्षी यायचे हो, इथं उन्हात उभे राहायचे."

"कुठला कागद?"

"ते मला कोण सांगणार? मी फाटकावरची."

आत लांबलचक व्हरांडा होता. दोन्ही बाजूंना दारं, दारांवर नुसते आकडे. भिंतीवर दर दहा पावलांवर एकच पाटी, 'इथलं इथेच.' शेवटच्या दारात टेपवाले काका उभे होते. बाबांचे एकुलते एक मित्र. चाचण्यांची ध्वनिमुद्रणं सांभाळणं हे त्यांचं काम. आईच्या वेळी आणि बाबांच्या वेळी, असे दोनदाच ते घरी आले होते.

"ये. वाळलीस गं. बस. चहा पाजला असता, पण यंत्राजवळ कपाला बंदी. तुझ्या बापानंच घालून ठेवलेली."

खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, एक जुनं टेपयंत्र. काकांनी एक फाइल तिच्यापुढे सरकवली. आत चार अर्ज होते, निवृत्तीनंतरच्या चार वर्षांचे. बाबांचं ते ठोकळ्यासारखं अक्षर. ध्वनिमुद्रणाची तारीख चारही अर्जांवर एकच होती. आई गेली ती. 'कारण' या रकान्यात चारही वेळा तेच लिहिलं होतं, 'मुलीला ऐकवायचे आहे.' पहिल्या तीन अर्जांवर 'नामंजूर'चा शिक्का होता.

"तो गोळा अजून कामात होता ना," काका म्हणाले. "त्याच्याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. मागच्या महिन्यात तो प्रकल्पच गुंडाळला, तेव्हा गुप्ततेचा शिक्का निघाला. सरकारी काम. माणूस जाईपर्यंत थांबलं."

"काय आहे यात?"

"ऐक. पण आधी एक समजून घे, नाहीतर कळायचं नाही." त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, परत काढला. "आम्ही सगळे जाड भिंतींच्या एका खोलीत बसायचो आणि गोळा लांब मैदानावर. तुझा बाप उलटे आकडे मोजायचा. दहा, नऊ, आठ. म्हणून तर त्याचं नाव घड्याळ. शून्य म्हटलं की बटण दाबायचं. पण कधीकधी बटण दाबूनही गोळा उडत नाही. तेव्हा तो सगळ्यात वाईट. मेला म्हणून जवळ जावं आणि तोंडावर फुटावा. दोन माणसं गेली होती अशी, फार पूर्वी. तेव्हापासून नियम झाला. गोळा गप्प राहिला की पंचेचाळीस मिनिटं दार उघडायचं नाही. कुणीही, कशासाठीही. आणि ज्यानं उलटे आकडे मोजले, त्यानंच एकेक मिनिट मोठ्यानं मोजायचं. टेप चालू ठेवून. म्हणजे कुणाला घाई सुटणार नाही."

"त्या दिवशी गोळा उडाला नाही?"

"नाही."

तोच शब्द. तेवढाच.

"मग सांगितलं का नाही मला? नऊ वर्षं, काका!"

"चाचणी फसली हे बाहेर सांगायचं नाही, अशी सही असते आमची. बायकोलाही नाही. मी म्हटलं होतं त्याला, गाढवा, सांगून टाक, तुझ्या भिंतीला कोण कान लावून बसलंय? तर म्हणाला, मी सांगितलं तर सबब वाटेल. तिनं ऐकायला पाहिजे." काकांनी बटणावर बोट ठेवलं. "सगळं नको ऐकूस. अठरापासून लावतो."

"पहिल्यापासून लावा."

खरखर झाली. मग बाबा बोलले. बाबांचा आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता. कॅमेरा दिसला की ते गप्प व्हायचे. "तीन, दोन, एक, शून्य." पुढे काहीच झालं नाही. कुणीतरी शिवी हासडली. मग तोच आवाज, सपाट, जणू भाजीची यादी वाचतोय, "दहा चाळीस. दार बंद. मोजणी सुरू."

एक. दोन. तीन. मधे कुणी खोकलं. कुणी जांभई दिली, त्यावर दुसरा म्हणाला, "घड्याळसाहेब, जरा पळवा की काटा." बाबा म्हणाले, "काटा सरकारी आहे." सगळे हसले. तीही हसली. बाबा विनोद करायचे, हे तिला माहीतच नव्हतं.

"अठरा."

फोन वाजला. आत, भिंतीवरचा. ती ताठ झाली. हा फोन तिचा होता. व्हरांड्यात ती नाण्यासारखा थंड रिसीव्हर कानाशी धरून उभी होती, त्याचं हे दुसरं टोक. कुणीतरी फोन घेतला. कुजबुज झाली. "साहेब, घरून... वहिनी..." कुणीतरी म्हणालं, "दार उघडू या का?"

"एकोणीस," बाबा म्हणाले.

"साहेब, तुम्ही तरी..."

"आपण आठ जण आहोत आत. वीस."

आवाज तसाच होता. तिनं कान टवकारले, कुठे तडा जातोय का बघायला. कुठेच गेला नाही.

"एकवीस."

पुढच्या मिनिटाला बाबा म्हणाले, "एकवीस."

तिनं काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते. टेपवर कुणीतरी हलकेच म्हणालं, "बावीस, साहेब." बाबा म्हणाले, "बावीस." चौतीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस.

"थांबवू?" काकांनी विचारलं. "पुढे आकडेच आहेत सगळे. तू मोकळी आहेस, जा."

"नाही. दार उघडल्यावर जाईन."

ती बसून राहिली. तीस. एकतीस. समोरची खिडकी काचेऐवजी लोखंडी पत्र्यानं बंद होती. बघायला काहीच नव्हतं. आता टेपवर कुणी खोकत नव्हतं. आठही माणसं एका आवाजाकडे कान लावून बसली असावीत. चाळीस. एकेचाळीस.

"बेचाळीस," बाबा म्हणाले.

अकरा बावीस. तिनं तोंडावर हात दाबला. दवाखान्यातल्या भिंतीवरचं घड्याळ बघून तीच वेळ तिनं परिचारिकेला सांगितली होती. तिला ठाऊक होतं, बाबांना नव्हतं. त्या बंद खोलीत ते पुढचा आकडा तितक्याच नीट म्हणणार होते.

"त्रेचाळीस," बाबांनी म्हटलं. "चव्वेचाळीस."

टेबलाची कड धरून ती उठून उभी राहिली.

"पंचेचाळीस. मोजणी संपली. दार उघडा."

लोखंडी कडी सरकली. पुढचं ध्वनिमुद्रण बंद करायला कुणीतरी विसरलं असावं. आधी खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग बुटांचे. जिना चढतानाही दर पायरीवर थांबणारे, बस सुटली तरी न पळणारे बाबा पळत होते. काँक्रीटवर बूट आपटत होते, दूर दूर जात होते. कुणीतरी मागून ओरडलं, "साहेब, पास! पास राहिला!"

बूट थांबले नाहीत. अगदी बारीक होईपर्यंत ती ऐकत राहिली. मग टेप संपली आणि रीळ नुसतंच फिरत राहिलं.