अर्धं अक्षर मागे

तळहातावर ते यंत्र शिट्टी वाजवत होतं. मूठ मिटली की बारीक, टोकदार शिट्टी. मूठ उघडली की गप्प. शेंगदाण्याच्या टरफलाएवढं, कातडीच्या रंगाचं – पण कुणाच्या कातडीच्या? सोनाळ्यापासून इथवर, डोंगराच्या या अंगाला, असा गुलाबी माणूस पूनमने कधी पाहिला नव्हता. शिट्टीचं कारण मात्र तिला ठाऊक होतं. बाहेर पडलेला आवाज परत आत शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा आत जातो... बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हे वर्तुळ तिने बाणांनी काढलं होतं आणि त्या बाणांचे पूर्ण गुण मिळवले होते. तिच्या वर्गातल्या शाइस्ताला हे ऐकण्याचं यंत्र तालुक्याच्या शिबिरात मिळालं, आणि शाइस्ता रोज सकाळी ते कानातून काढून टेबलावर ठेवते, दाराबाहेर चप्पल काढावी इतक्या सहज. बरोबरच आहे तिचं. वर्गावर पत्रे, पत्र्यांवर कडुलिंबाच्या फांद्या, खिडकीबाहेर खिचडीचं पातेलं घासलं जातंय – यंत्र या सगळ्याला सारखंच मोठं करतं. ते निवडत नाही. निवडण्याचं काम कानही करत नाही. त्याच्याही मागे, आत अंधारात कुणीतरी बसलेलं असतं आणि हे घे, हे सोड, असं जन्मभर करत राहतं...

आज दुपारी शाइस्ताचे वडील जहांगीरभाई येणार होते. पूनमनेच फोन करून बोलावलं होतं.

वाक्य तयार होतं. खोलीवर चहा उकळताना तिने ते दोनदा म्हणून पाहिलं होतं: शाइस्ता हुशार आहे, पण इथे तिचं नुकसान होतंय, बुलढाण्याला अशा मुलांची निवासी शाळा आहे, तिथे पाठवा. त्यात खोटं काही नव्हतं. मुख्याध्यापक भगवंतराव सरांनीही मान डोलावली होती – शाळा दोन शिक्षकी, त्यातले एक सर स्वतः, आणि दुसरीच्या वर्गावर ही पूनम, सहा महिन्यांसाठी नेमलेली प्रशिक्षणार्थी मुलगी. ‘तुम्ही सायन्सवाल्या, तुम्ही म्हणता म्हणजे विचार करूनच,’ असं ते म्हणाले होते, आणि पूनमला ते आवडलं होतं.

कारण विचार तिने खरोखरच केला होता. दिवाळीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी तिने शाइस्ताला मागच्या कोपऱ्यातून उठवलं आणि पहिल्या बाकावर, स्वतःच्या अगदी समोर आणून बसवलं. अंतर निम्मं झालं की आवाजाची तीव्रता चौपट होते. ज्या पोरीला कमी ऐकू येतं तिला सगळ्यांत जवळची जागा – यापेक्षा सरळ न्याय कुठला? मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, पूनम मनात म्हणाली. एवढी वर्षं शिकले त्याचा अखेर कुणाच्या तरी पोरीला उपयोग झाला, असं...

आणि त्या दिवसापासून शाइस्ता मागे पडत गेली. दिवाळीआधी छोटे धडे वाचणारी, हातच्याच्या बेरजा करणारी पोर फळ्याकडे बघत बसू लागली. अंतर कमी केलं आणि समज कमी झाली! असं निरीक्षण हाती आलं की एक तर नियम चुकीचा, नाहीतर मोजमाप. नियम चुकणं शक्य नव्हतं. मग उरलं ते एवढंच – पोरीचा उरलासुरला कानही जात असणार.

“जयमाला, सातचा पाढा घे,” पूनम खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली. मूठ मिटलेलीच होती. बारीक शिट्टी.

जयमाला उभी राहिली. ही वर्गातली सर्वांत मोठ्या आवाजाची. “सात एके सात!” आणि मागून सगळा वर्ग, “सात एके साऽत!” पत्रे थरथरले.

शाइस्ता वळली. पहिल्या बाकावर, पूनमकडे पूर्ण पाठ करून, बाकावर उलटी बसली. हे ती नेहमीच करायची, आणि नेहमीच पूनम उठून तिची हनुवटी दोन बोटांनी धरून तोंड हलकेच समोर आणायची – रागावून नाही, प्रेमाने. इकडे बघ बाळा. दिवसातून किती वेळा, त्याची मोजदाद नव्हती. आज हातात ते यंत्र होतं. हात रिकामा नव्हता, एवढ्याच कारणाने ती उठली नाही. आणि बघत राहिली.

वर्ग म्हणाला, “सात दुणे चौदा.” शाइस्ताही म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांच्या तळाशी, नाकातून, शब्दांचे शेवट गळालेला... आणि किंचित मागे. पूनम नीट ऐकू लागली. “सात त्रिक एकवीस.” मागे. अर्धं अक्षर मागे. पुन्हा. दर वेळी तेवढंच – ना कमी, ना जास्त. हा मागे रेंगाळणारा आवाज तिने रोज ऐकला होता आणि त्याला मनात ‘मंद’ असं नावही देऊन टाकलं होतं. पण मंद माणूस असा नेमाने मागे राहत नाही. तो कधी चुकतो, कधी थांबतो, कधी घाईने गाठतो. इतकं सारखं अंतर राहतं ते फक्त – प्रवासाला लागणाऱ्या वेळाचं.

कुठून कुठे जाणाऱ्या प्रवासाचं?

जयमालाच्या तोंडातून निघालेला आवाज पोरांच्या कानांत, तिथून त्यांच्या ओठांवर. ओठांवरून उजेडाच्या वाटेने शाइस्ताच्या डोळ्यांत. आणि तिथून, त्या आतल्या अंधारात कुणी काय केलं कोण जाणे, तिच्या ओठांवर. ही पोर माझ्याकडून शिकतच नव्हती. कधीच शिकत नव्हती. मी बोलते दार पाठीशी ठेवून. दारात सातपुड्यावरून आलेला थंडीतला लख्ख उजेड. त्या उजेडात माझ्या जागी तिला दिसत असणार एक काळी आकृती, तोंड नसलेली. आणि त्या आकृतीच्या अगदी जवळ मी तिला आणून बसवलं, जिथून वर्गातला एकही चेहरा दिसत नाही, आणि दर खेपेला ती चेहऱ्यांकडे वळली की हनुवटी धरून... 

“सात चोक अठ्ठावीस.”

शाइस्ता सगळ्यांकडे बघतही नव्हती. तिची नजर एकाच जागी होती – तिसऱ्या बाकावरच्या प्रेमवर.

“थांबा,” पूनम म्हणाली. पाढा तुटला. शाइस्ता ‘वीस’ म्हणाली, एकटीच, शांततेत. “ती प्रेमकडे का बघते?”

पोरं एकमेकांकडे बघून हसली. मॅडमला एवढंही माहीत नाही, असं ते हसणं होतं.

“त्याचे समोरचे दात पडेल हायेत ना, मॅडम,” जयमाला म्हणाली. “बोळक्यातून त्याची जीभ दिसते. तिले समजते मंग.”

“मी तोंड मोठं उघडतो,” प्रेम अभिमानाने म्हणाला आणि उघडून दाखवलं.

“आता कमी उघडून राह्यला थो,” मागून कुणीतरी तक्रार केली. “नवे दात येऊन राह्यले त्याचे. बे प्रेम, नीट उघड ना बे!”

“पह्यले आमी तिले मधात बसवत होतो,” जयमाला सांगत होती, “म्हंजे चहूकडून दिसते. मंग तुमी उचलून समोर नेलं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

जयमालाला हा प्रश्न कळलाच नाही. “तुमीच त नेलं ना मॅडम,” ती म्हणाली. त्यात आरोप नव्हता. पाऊस पडतोय हे कुणी पावसाला सांगत नाही, तसं काहीतरी.

पूनम उठली नाही. या खोलीत मी रोज सकाळपासून दुपारपर्यंत बोलत होते आणि मला वाटत होतं की शिकणं माझ्यापासून निघून सरळ रेषेत तिकडे जातं – दिव्यातून निघालेल्या किरणासारखं. आणि माझ्या बोलण्याच्या खालून, आडवं, बाकाबाकांतून, दात पडलेल्या एका तोंडातून हे दुसरंच काहीतरी वाहत होतं. कुणी ठरवलेलं नाही, कुणी नेमलेलं नाही. आणि घरी तर उर्दू-हिंदीची सरमिसळ! म्हणजे या पोरीने ओठांच्या दोन-दोन भाषा... ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांवर सारखेच दिसतात. त्यांतला कुठला, हे ती मागच्या-पुढच्या शब्दांवरून ताडत असणार, प्रत्येक शब्दाला, दिवसभर. वर्गातल्या कुठल्याही पोराने केली नसतील एवढी गणितं ती दोनच्या पाढ्याआधीच करत होती. आकाशातला तारा आता दिसतो तो आत्ताचा नसतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जानेफळला, घरच्या गच्चीवर मी अशीच गप्प झाले होते. पण ते दूर होतं. हे हाताच्या अंतरावर, रिबिनी बांधून बसलं होतं.

जहांगीरभाई आले तेव्हा खिचडीची ताटं धुवून झाली होती. सोनाळ्याला त्यांचं गाद्यांचं दुकान. भुवयांत कापूस, पापण्यांवर कापूस, तोंडावर मागे गाठ मारलेला रुमाल.

“सलाम मॅडम. दुकान बंद करून आलो. थंडीच्या सीझनमंधी गादीवाल्याले मरायलेही फुरसत नाही.” रुमालाआडून आवाज येत होता. “तुमी फोनवर म्हनलं, तवापासून मी अन् माही बायको सरवरी इचार करून राह्यलो. ठरवलं आमी. नेतो तिले बुलढान्याले.”

पूनमने ज्या वाक्याची तयारी केली होती ते त्यांनीच म्हणून टाकलं होतं.

“तिची माय रडून राह्यली. इतकी लहान पोरगी, रात्री कोनाजवळ झोपन म्हने. पन म्या सांगलं तिले – मॅडम शिकेल बाई हाय, आपल्याले तिच्यापरीस जास्त समजते काय?” ते थांबले. मग हसले, डोळ्यांवरूनच कळलं. “घरी लय मास्तरीन बनते तुमची शाइस्ता. मोहल्ल्यातल्या पोरीइले बसवते, अन् तुमची नक्कल करते.”

“माझी? काय करते?”

“हनुवटी धरते सगळ्याइची, अन् तोंड फिरवते.”

पूनमने त्यांना आत या म्हटलं.

दारात ते उभे राहिले आणि पोरं आदराने उठली. शाइस्ता बापाकडे बघत होती – नाही, बापाच्या रुमालाकडे.

“जहांगीरभाई, तो रुमाल काढता?”

“कापूस जाते ना तोंडात. सवय पडली, घरीही राहून जाते...” बोलता बोलताच त्यांचा हात मागे गाठीकडे गेला आणि मध्येच थबकला. पोरीच्या नजरेवरून, की स्वतःच्याच शेवटच्या शब्दांवरून, कोण जाणे. मग त्यांनी रुमाल हळूच खाली ओढला.

शाइस्ता दोन पावलं पुढे आली. बापाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि नाक मुरडून, शेवट गिळलेल्या त्या आवाजात म्हणाली, “अब्बा... खर्रा!”

वर्ग खदखदून हसला. जहांगीरभाईंनी सुपारी-तंबाखूने लाल झालेल्या दातांवर हात धरला. “आता हे पोलीस झाली पाह्य माह्यावर!” मग हात काढला, तोंड पुरतं उघडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “उद्यापासून बंद.” पोरीने मान हलवली; म्हणजे समजलं, पण पटलं नाही.

पूनमने मग त्यांना सगळं सांगितलं – बाकाचं, दाराच्या उजेडाचं, प्रेमच्या दातांचं.

“मंग काय करू, मॅडम? नेऊ का नोको नेऊ?”

एवढाच प्रश्न होता, आणि सकाळी तिच्याकडे त्याचं उत्तर होतं. राहू द्या, असं म्हणावं? तर प्रेमचे दात येत आहेत. माझे सहा महिने संपतील, मग इथे कोण येईल, कुठे उभं राहील. आणि तिथे, बुलढाण्याला, हातांची भाषा आहे. अख्खी शाळा भरून पोरं, ज्यांत कुणीच अर्धं अक्षर मागे नाही – ते तिला नाकारणारी मी कोण? पण इथे हे जे वाहतंय ते तोडून...

“मले नाही सांगता येत, जहांगीरभाई,” ती म्हणाली. वर्गात ती कधी असं बोलत नसे. हे जानेफळचं, घरचं बोलणं. “तिले घेऊन जाऊन एकदा थे शाळा पाहून या. तिलेच पाहू द्या. मंग बोलू.”

त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, जणू आधीची बाई कुठे गेली ते शोधत. “बरं,” ते म्हणाले. “सोमवारी जातो. आज राहू द्या तिले.” रुमाल खिशात कोंबून ते निघाले.

परिसर अभ्यासाचा तास उरला होता. पूनम पाण्याच्या धड्यासाठी वळली तर पहिला बाक रिकामा होता. शाइस्ता मध्ये जाऊन बसली होती. आणि ती बसताच बाकीची पोरं, कुणी न सांगता, थोडी इकडे, थोडी तिकडे सरकली होती, बाकं करकरली होती, खांदे वळले होते – कागदाखाली चुंबक धरला की लोखंडाचा कीस आपोआप रांगा धरतो, तशी. आता निम्म्या वर्गाची फळ्याकडे पाठ होती. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

पूनम दारापासून दूर झाली. खिडकीशी गेली, तिथून प्रेम दिसेना. भिंतीशी गेली, तिथून जयमाला आड आली. मग ती बाकांच्या मधल्या अरुंद वाटेत येऊन थांबली. पहिलीत बसले त्या दिवसापासून वर्गाला एक पुढची बाजू असते, हे मी इतकं धरून चालले होते की ती कुणीतरी ठरवलेली असते असं कधी वाटलंच नाही... चहूबाजूंनी चेहरे होते, आणि प्रत्येक चेहऱ्यासमोर दुसरा चेहरा. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि पहिला शब्द ओठांवर तसाच धरून ती उभी राहिली – कुठल्या दिशेला म्हणायचा ते ठरेना, आणि ठरत नाही याचं तिला, आश्चर्य म्हणजे, भय वाटेना.