बसून झाडायचा कुंचा

मित्रांनो, मी एक जुना कुंचा आहे. केर काढायचा नव्हे, जळमटं काढायचा, लांब दांड्याचा. माझा दांडा दोन नळ्यांचा आहे. एक नळी दुसरीच्या पोटात सरकते, म्हणून मला हवं तेवढं लांब करता येतं आणि आखूडही. माझ्यासारखे कुंचे आता दुकानांत टांगलेले दिसतात. पण मी दुकानातला नाही. मला एका बाईने दुसऱ्या एका बाईसाठी, अगदी तिच्या हाताच्या मापाने घडवलं होतं.

त्या दोघी जावा होत्या. सगळी गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. थोरलीचे यजमान वारले होते आणि मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. धाकटीचा नवरा मालट्रक चालवायचा. तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे घर खरं म्हणजे या दोन बायकांचंच होतं. धाकटी नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिच्या हातून भात करपला नाही असा दिवस जात नसे. थोरलीने तिला हाताला धरून सगळं शिकवलं, आणि करपलेला भात कुरकुर न करता खाल्लासुद्धा.

थोरलीला एकच गोष्ट खपत नसे, ती म्हणजे धूळ. पाहुणे बसलेले असले तरी बोलता बोलता तिचा हात खुर्चीच्या पाठीवरून फिरून यायचा आणि ती बोटं निरखून बघायची. पाहुणे ओशाळायचे.

माझ्या जन्माआधी जे घडलं, ते मी पुढे शेजारणींच्या बोलण्यातून ऐकलं. थोरली स्टुलावर चढून पंखा पुसत होती आणि धाकटीने स्टूल धरलं होतं. तेवढ्यात दाराची घंटा वाजू लागली, थांबेचना. धाकटी दार उघडायला गेली. थोरली काही खाली उतरली नाही. पंख्याचं पलीकडचं पातं राहिलं होतं, ती तशीच त्याच्याकडे झुकली आणि स्टुलासकट आडवी झाली. कमरेचं हाड मोडलं आणि उजवं मनगटही गेलं.

दवाखान्यात भेटायला येणारे सगळे एकच विचारायचे, स्टूल कोणी धरलं होतं? धाकटी मान खाली घालायची. थोरली छताकडे बघत राहायची. तिने धाकटीला कधी दोष दिला नाही, पण तिची चूक नव्हती असंही कधी म्हटलं नाही. घरी आल्यावर ते न बोलणंच दोघींच्या मध्ये येऊन बसलं. औषध घेतलं का, पाणी तापलंय, ट्रक उद्या येणार आहे, एवढ्यापुरतंच बोलणं उरलं.

थोरली आता वॉकर धरून चालायची. फार वेळ उभं राहता येत नसे आणि उजव्या हातात भरलेला तांब्याही पेलत नसे. दिवसभर खुर्चीत बसून ती वर बघायची. पंख्यावर धूळ साठत होती आणि कोपऱ्यात कोळ्यांनी घरं केली होती. कामावरून आल्यावर धाकटी जमेल तेवढं झाडायची, पण ते थोरलीच्या मनाला येत नसे. एका संध्याकाळी धाकटी घरी आली तर स्टूल पुन्हा पंख्याखाली होतं. वॉकर बाजूला सारून, एक हात स्टुलावर टेकून थोरली वर बघत उभी होती. धाकटीने स्टूल उचललं आणि शेजारी देऊन टाकलं.

ती परत आली तेव्हा थोरली म्हणाली, "माझ्या घरातली जळमटंसुद्धा मी काढायची नाहीत, तर मग नुसतं बसून करायचं काय, तेवढं सांग."

ही बाई पुन्हा कशावर तरी चढणार, हे धाकटीला कळून चुकलं. स्टूल नाही तर खाट, खाट नाही तर खिडकीची कड. त्या काळजीतून माझा जन्म झाला.

धाकटी तंबू शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर काम करायची. तंबूचे हलके, पोकळ दांडे रोज तिच्या डोळ्यांसमोर असायचे. मोडक्या दांड्यांच्या ढिगातून तिने दोन नळ्या मागून घेतल्या. लांब काठीला फडकं बांधून भागलं नसतं का, असं तुम्हाला वाटेल. तिनेही आधी तेच करून पाहिलं होतं. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला पंख्यासाठी लांब दांडा लागतो आणि कपाटासाठी आखूड. शिवाय लांब काठीचं टोक जड झालं की सगळा भार मनगटावर येतो, आणि थोरलीचं तर मनगटच अधू होतं.

माझ्या डोक्याला पहिल्यांदा पिसं लावली होती. त्यांनी धूळ जाण्याऐवजी नुसती जागा बदलायची आणि चार पिसंही गळायची. खोलीत कोंबड्या पाळल्यासारखं दिसू लागलं. मग सुताचे गोंडे लावले, ते जड झाले. शेवटी थंड मुलखातल्या तंबूंना आतून जे लोकरीसारखं मऊ कापड लावतात, त्याच्या कापून उरलेल्या पट्ट्या तिने एका वाकणाऱ्या तारेवर दाट शिवल्या. धूळ त्यांना चिकटून राहायची, डोळ्यांत पडायची नाही. माझी मान टेबलावरच्या एका जुन्या दिव्याची आहे. ती वळवून ठेवली की माझं डोकं पंख्याच्या पात्यावर, कपाटाच्या माथ्यावर सपाट टेकायचं.

सगळ्यात अवघड होतं ते दोन नळ्यांना एकमेकींत धरून ठेवणं. पहिल्या खेपेला आतली नळी सुटून खाली आली आणि धाकटीच्या कपाळाला टेंगूळ आलं. ती कारखान्यातल्या लेथवर लोखंड कातणाऱ्या मिस्त्रीकडे गेली. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय, आभाळ झाडायला निघालात?" पण थट्टा करून झाल्यावर त्याने मन लावून काम केलं. बाहेरच्या नळीच्या तोंडाला उभ्या चिरा पाडल्या आणि त्यावर आट्यांचं एक कडं बसवलं. कडं पिळलं की नळीचं तोंड आवळतं आणि आतली नळी जागच्या जागी राहते. मात्र ते कडं अधू हातालाही पिळता यायला हवं, असं धाकटीने बजावलं होतं. म्हणून मिस्त्रीने त्याला दोन रुंद कान ठेवले.

घरी आल्यावर, थोरली झोपलेली असताना, धाकटी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायची. उजव्या मनगटाला फळीचा तुकडा करकचून बांधून ती मला चालवून बघायची. हात भरून यायचा. मग तिने मुठीच्या जागी तंबूचं जाड कापड गुंडाळलं आणि थोडं खाली, कोपराजवळ येईल असा एक पट्टा शिवला. पट्ट्यात हात घातला की माझा भार मनगटावर न येता अख्ख्या हातावर यायचा. त्या पट्ट्यासाठी तिने तीनतीनदा शिवण उसवली. मित्रांनो, माझ्यावर कुणी एवढी मेहनत घेतली, याचा मला फार अभिमान वाटायचा. आता फक्त ज्या हातांसाठी मी होतो, ते हात लागायचे राहिले होते.

एका सकाळी धाकटीने मला थोरलीच्या खुर्चीला टेकवून ठेवलं आणि म्हणाली, "ताई, हे तुमच्यासाठी. बसून झाडता येतं."

थोरलीने माझ्याकडे बघितलं. पट्ट्यावरून, कड्यावरून तिची नजर फिरली. मग ती म्हणाली, "ठेव दारामागं."

धाकटीने मला दारामागे ठेवलं आणि ती कामावर गेली. त्या दिवशी ती जेवणाचा डबा घ्यायला विसरली.

पुढे माझी कीर्ती मात्र झाली. शेजारणी मला बघायला येऊ लागल्या. कुणाची सासू म्हातारी होती, कुणाला चढलं की चक्कर यायची. त्यांच्यासाठी धाकटीने माझ्यासारखे आणखी कुंचे करून दिले. बायका तिचं डोकं किती चालतं म्हणून तोंडभर कौतुक करायच्या. ते थोरलीला खुर्चीतून ऐकू यायचं, आणि ती रेडिओचा आवाज वाढवायची.

मग एक दिवस धाकटी कामावर गेल्यावर वॉकरचा आवाज दाराशी आला. थोरलीने मला ओढून घेतलं. खुर्चीत बसून तिने पट्ट्यात हात घातला, तो मापात बसला. कडं पिळायला तिला बराच वेळ लागला, पण ते तिने एकटीने पिळलं. पंख्याचं एकेक पातं तिने सावकाश पुसलं. झाल्यावर माझं डोकं मांडीवर घेऊन त्यावरच्या धुळीकडे ती कितीतरी वेळ बघत होती. मग डोळे पुसून तिने मला परत दारामागे ठेवून दिलं.

संध्याकाळी धाकटीने मला पाहिलं. माझी मान वेगळ्या बाजूला वळलेली होती आणि डोकं धुळीने काळं झालं होतं. तिने वर पंख्याकडे बघितलं. मला साबणाच्या पाण्यात धुतलं, वाळवलं आणि परत दारामागे ठेवलं. त्या दिवसापासून हेच चालू झालं. एक गुपचूप मळवायची, दुसरी गुपचूप धुवायची. मला रोज वाटायचं, आज यांच्यातली कुणीतरी तोंड उघडेल. पण आज नाही तर उद्या, अशी वर्षं निघून गेली. दोघी चांगल्या होत्या, पण पहिला शब्द कुणी बोलायचा हे काही ठरेना.

धाकटीच्या नवऱ्याला डोळ्यांच्या त्रासामुळे ट्रक सोडावा लागला. त्याला दूरच्या गावी गोदामात काम मिळालं. थोरलीला बरोबर चला म्हणून दोघांनी खूप आग्रह केला, पण तिने घर सोडलं नाही. निघायच्या दिवशी सामान बाहेर गेलं होतं. नवरा रिक्षाशी उभा होता. धाकटी पाया पडायला वाकली, तेव्हा थोरलीने दाराकडे बोट दाखवलं.

ती म्हणाली, "तो कुंचा आण जरा. ते कडं कसं घट्ट करायचं, दाखवून जा मला."

मित्रांनो, तोपर्यंत माझं कडं त्या हातांनी इतक्या वेळा पिळलं होतं, की त्याच्या कानांचा रंग उडाला होता. धाकटीला ते ठाऊक होतं. तरी ती गुडघे टेकून खुर्चीपाशी बसली. थोरलीच्या हातावर हात ठेवून तिने कडं उजवीकडे पिळलं, सैल केलं, पुन्हा पिळलं. थोरली म्हणाली, "परत दाखव." बाहेरून नवऱ्याने हाक मारली. धाकटीने परत दाखवलं. मग तिला उठावंच लागलं.

त्यानंतर फोनवर दोघी बोलायच्या. काय खाल्लंस, थंडी आहे का, कंबर कशी आहे. शेजारीण म्हणायची की आजकाल तुमचे फोन लांबायला लागले. थोरली हसायची. पुढच्या सुट्टीत धाकटी राहायला येणार होती आणि तिच्यासाठी पलंगावर नवी चादरही घातली होती. पण त्याआधीच थोरलीला दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. धाकटी पोचली तेव्हा घरात माणसंच माणसं होती. थोरलीच्या मुलीने तिला विचारलं, काकू, आईची आठवण म्हणून काही हवंय का? धाकटीने मला हातात घेतलं, पट्ट्यात हात घालून पाहिला. पट्टा थोरलीच्या हाताने ताणून सैल झाला होता. मग तिने मला जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "राहू दे. मला हे घेऊन झाडता यायचं नाही."

पुढे घरात भाडेकरू आले. ते वाईट नव्हते, पण त्यांनी माझं डोकं कधी धुतलं नाही. मळ साठून पट्ट्या झडल्या आणि कडं गंजून अडकलं. त्यांनी माझ्याने मोरीतला गाळ ढकलला, पालींना हाकललं. आता मागच्या खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिथे अडकवून ठेवलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला अधूनमधून धुवा, वाळवा आणि डोकं दाबलं जाणार नाही असं टांगून ठेवा. आम्हाला एवढंच पुरतं. माणसांना मात्र एवढं पुरत नाही, हे मी दारामागून पाहिलं आहे. घरात कुणी कुणाशी बोलेनासं झालं असेल, तर जवळ जाऊन बसा आणि काहीही बोला, अगदी साधंसुद्धा. मी त्या दोघींच्या मध्ये इतकी वर्षं होतो, आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.