कफ ओढणाऱ्या पंपाची किळस

मित्रांनो, आधी नाक दाबून घ्या. मी दवाखान्यातला कफ ओढणारा एक जुना पंप आहे. पोटात मोटर, डोक्यावर दोन बाटल्या आणि एक लांब नळी, एवढाच माझा संसार. ज्याला स्वतःहून खोकता येत नाही, त्याच्या छातीतला कफ मी ओढून घेतो.

वारूळवाडीच्या या दवाखान्यात मी थर्माकोलमध्ये बसून आलो, नव्या जावयासारखा. ऑपरेशनच्या खोलीत मानाची जागा मिळाली. मग माझ्याहून मवाळ आवाजाचं यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली, फिनेल आणि ओल्या फडक्यांच्या शेजारी झाली. तिथे उंदरांनी माझी नळी चाखली आणि सोडून दिली. त्यांनाही चव असते.

पुढे वरच्या मजल्यावर लांबणाऱ्या आजारांसाठी खोल्या काढल्या आणि माझी आठवण झाली. इथला पेशंट मोठ्या आयसीयूतून वाचून आलेला असतो, पण घरी जाण्याजोगा नसतो. इथे चमत्कार होत नाहीत. कूस बदलायची, नाकातल्या नळीतून पोटात अन्न सोडायचं, कफ ओढायचा, श्वासाच्या मशीनवरून आज थोडा वेळ उतरवायचं, उद्या जमलं तर आणखी थोडा. एखाद्या दिवशी सगळं उलटंही फिरतं. घरच्यांनी इथे धीर धरायचा असतो, आणि नेमकं तेवढंच कुणी आणत नाही. बाकी पिशव्या भरून आणतात.

राजुरीचे संपत इथे आले ते नसांच्या आजाराने. हातपाय गळाले, श्वाससुद्धा मशीन देत होतं. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली, त्यामुळे आवाज फुटत नव्हता. कान मात्र शाबूत, डोकंही शाबूत. डॉक्टरांनी हे सगळ्यांना सांगितलं. ऐकलं फक्त त्यांच्या बायकोने, कुशाबाईने. मशीनवाचून दिवस काढता आला, तर नळीवर एक छोटी झडप बसवू, मग बोलता येईल, असंही डॉक्टर म्हणाले होते.

"शिवी दिली तरी चालंल," ती नवऱ्याला म्हणायची, "पर एकदा बोला."

मित्रांनो, कफाची मला किळस नाही. आजार म्हटला की कफ आलाच. किळस आली ती भेटायला येणाऱ्यांची. चपलांसकट आत शिरायचे. पलंगावर बसायचे. पेशंटसाठी आणलेली सफरचंदं स्वतः खाऊन साली माझ्या चाकाशी टाकायचे. आणि संपतच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे.

"लई वाळला, राव. वळखू येत न्हाई."

"वरच्या वावराचं काय करायचं ठरलं का?"

संपत छताकडे बघत सगळं ऐकत असत. त्यांच्या डोळ्याच्या कडेचं पाणी पुसायला मला हात नव्हता.

या सगळ्यांवर कडी केली लोणीच्या बाळासाहेबांनी. ते कुशाबाईचे व्याही, तिची लेक हर्षाली त्यांच्या घरी दिलेली. येताना शहाळं आणि खिशात चमचा. तयारीचा माणूस!

"पावणं, तोंडातून काय द्यायचं न्हाई म्हणत्यात," कुशाबाई हळूच म्हणाली.

"अवो, शहाळ्याचं पाणी हाय, इख न्हाई! शिस्टरला काय कळतंय?"

कुशाबाईचा हात अर्धा वर झाला आणि तिथेच राहिला. लेकीच्या सासऱ्याला अडवायचं कसं? चमचा रिता झाला. पाणी घशातून थेट छातीत उतरलं आणि संपतचा चेहरा निळा पडला. अश्विनी सिस्टर धावत आल्या. मी जिवाच्या आकांताने ओढू लागलो. आयुष्यात पुष्कळ घाण गिळली, पण त्या गोड पाण्याइतकी ओकारी मला कशानेच आली नव्हती.

दारापाशी सरकलेले बाळासाहेब म्हणाले, "तुमचं मशीन लई आवाज करतंय बुवा!"

संपतच्या छातीत न्यूमोनिया झाला. मशीनवाचून थोडा थोडा वेळ कमावला होता, तो सगळा गेला, पुन्हा दिवसरात्र मशीन.

"माझ्या तोंडून ‘नका’ येवढं निघालं न्हाई," कुशाबाई सिस्टरना म्हणाली. "नळी त्यांच्या गळ्यात हाय, माझ्या न्हाई."

सिस्टरनी माझी बाटली धुवायला नेली.

ताप उतरला. पुन्हा पहिल्यापासून थोडा वेळ, मग थोडा जास्त. अखेर झडपेचा दिवस आला. कुशाबाईने नवं लुगडं नेसलं होतं. आणि नेमके बाळासाहेब हजर झाले. पायात चपला, हातात शहाळं.

सिस्टरनी माझ्याकडून गळा साफ करून घेतला आणि झडप बसवली. संपतनी श्वास ओढला. घशातून गंजलेल्या कडीसारखा आवाज आला.

"काय म्हणत्यात?" कुशाबाई वाकली.

"मला रामराम घालत्यात," म्हणत बाळासाहेब पुढे आले.

"कुशे," संपत म्हणाले. थांबले, दम घेतला. "यांना... भाईर काढ."

कुशाबाई उठली. तिने व्याह्यांच्या हातातलं शहाळं काढून घेतलं.

"ऐकलंसा न्हवं, पावणं? चला. रागावला तर रागवा. बोलायचं असंल त्ये मला बोला, लेकीला न्हाई."

शहाळं आणि व्याही दोन्ही बाहेर ठेवून तिने दार लावलं. परत आली ती पदराने डोळे पुसत, हसत. "आता आनखी एकदा म्हणा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी बाटली तुंबायच्या आत रिकामी करा, नळी धुवा, मला जिन्याखाली टाकू नका. आणि कुणाला भेटायला जाल तेव्हा चपला बाहेर काढा, हात धुवा, सिस्टरला विचारा आणि जिभेला लगाम घाला. छातीत गेलेलं पाणी मी ओढून काढीन. कानात गेलेल्या तुमच्या बोलण्यापर्यंत माझी नळी पोचत नाही.