घंटा आपणहून वाजली तो दिवस

मी एक जुनी घंटा आहे, आणि आज जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर मित्रांनो, तसं तुमच्या बाईंना कळू देऊ नका. त्या तुम्हाला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवतील.

आता मी तुमच्या शाळेच्या अंगणात या खांबावर लटकते आहे. कबुतरं माझा काय मान ठेवतात ते तुम्ही रोज पाहता. ही समोर झाडू मारणारी म्हातारी हल्डा सकाळ-दुपार माझा दोर ओढते, तेवढंच काय ते काम. पण तीस वर्षांपूर्वी मी पेटेंगिलसाहेबांच्या कापडगिरणीच्या मनोऱ्यात होते आणि सगळं हार्लो फॉल्स गाव माझ्या तालावर उठत-बसत होतं.

मला ओतायला तांबं इतकं लागलं, की आसपासच्या तीन गावांत आठवडाभर कोणाच्या घरी कढई उरली नव्हती. माझा पहिला टोल पडला तेव्हा नदी क्षणभर उलटी वाहिली, पाणचक्की उलटी फिरली आणि मागावरचं कापड उसवून परत कापूस झालं. नाही ना पटत? मी म्हटलंच होतं.

पहिल्या टोलाला उठायचं, दुसऱ्याला फाटकाशी यायचं, तिसऱ्याला फाटक बंद. गिरणीत घड्याळ बाळगायची बंदी होती, त्यामुळे वेळ फक्त माझ्याकडे. पोटात कावळे ओरडोत, ऊन डोक्यावर येवो, मी बोलले नाही तर दुपार झालेलीच नसे. तीनशे मुली, शेतकऱ्यांच्या घरच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या. पण टोल पडला की मेंढरं. कोणी एकीनेही कधी मान वर करून सूर्याकडे पाहिलं नाही. मला त्यांची कीव यायची. नाही, कीव कसली? तुच्छता वाटायची.

त्यांच्या मालकाची तर शिसारीच. पेटेंगिलसाहेब रविवारी चर्चमध्ये गुलामांच्या दुःखावरचं प्रवचन ऐकून रुमाल भिजवायचे, आणि सोमवारी तोच रुमाल वाळायच्या आत त्याच गुलामांसाठी जाडंभरडं कापड विणायला घ्यायचे. कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या मळ्यांतून गाठी बांधून यायचा आणि कापड होऊन तिकडेच जायचा, तो वेचणाऱ्यांच्याच अंगावर. कापड घ्यायला दर वसंतात कर्नल डॅबनी यायचे. कमरेला तलवार, तोंडात घराण्याची अब्रू, आणि हातांना आयुष्यात एक घट्टा नाही. एक स्वतःला धर्मनिष्ठ म्हणवायचा, दुसरा कुलीन. दोघांना एका तराजूत घातलं असतं तर काटा हलला नसता.

त्या हिवाळ्यात गिरणीच्या मुलींच्या खाणावळीत धुणं धुवायला तमार नावाची एक काळी बाई आली. ती कुठून पळून आली हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी विचारलं नाही. अमेरिकेचा नवा कायदाच तसा होता. पळालेला गुलाम उत्तरेत कुठेही सापडला तरी मालकाने धरून न्यावा, आणि आड येईल त्याला तुरुंग.

एकदा ही हल्डा, तेव्हा गिरणीतली विणकर, अंगणात तमारजवळ उभी होती. मी वरून ऐकलं.

"हे तू विणतेस?" हल्डाच्या काखेतला कापडाचा तुकडा चिमटीत धरून तमार म्हणाली.

"हो. पहिल्या नंबरची विणकर आहे मी," हल्डा फुशारली.

"मग नमस्कार हो बाई तुम्हाला. आठ वर्षं अंगावर घातलंय मी हे. पहिले तीन महिने काट्यासारखं टोचतं."

"आणि मग?"

"मग कातडी मरते."

हल्डा त्या दिवशी जेवली नाही. शेंगा आणि गूळपाकाची भाकरी तशीच ताटात राहिली. मला हसू आलं. चार घास सोडून कोणाची कातडी जिवंत होते का?

मार्च महिन्यात कर्नल आले. या खेपेला सरकारी शिपाई आणि धरपकडीचा कागद बरोबर. कचेरी माझ्या मनोऱ्याच्या बरोबर खाली. नमुन्याचं कापड उलगडून दाखवायला हल्डाला बोलावलं होतं. कर्नलनी कापड ओढून पाहिलं आणि खिडकीतून कालव्यापलीकडे नजर टाकली. तिथे खाणावळीच्या अंगणात तमार चादरी वाळत घालत होती.

"ती बघा, पेटेंगिलसाहेब. ती माझी आहे."

आता मित्रांनो, इतकी वर्षं रुमाल भिजवणारा माणूस काय म्हणाला असेल? तो घसा खाकरून म्हणाला, "कर्नलसाहेब, जेवणाच्या घंटेच्या आत उरका म्हणजे झालं. मुलींसमोर तमाशा नको."

सकाळचे अकरा वाजले होते. जेवणाची घंटा साडेबाराला. कर्नल आणि शिपाई जिना उतरून पुलाकडे निघाले. पूल ओलांडला की तमार संपली.

आणि इथे माझी खरी करामत. राखणदार खाली घोरत होता, दोरापाशी कोणी नव्हतं. मला त्या दोघा ढोंग्यांचा असा काही संताप आला, की मी आपणहून वाजले! आधी थोडी हलले, मग अंग झोकून दिलं, आणि जेवणाचे टोल अकरा वाजताच घणघण घणघण देत सुटले.

मेंढरं ती मेंढरंच. अकराच वाजले असतील असं एकीच्याही मनात आलं नाही. तीनशे मुली माग सोडून धावल्या, कारण जेवायला मिळायचा अर्धा तास, उशीर झाला की सूप गार. सगळ्या पुलावर घुसल्या.

"बाजूला व्हा! मी कर्नल डॅबनी आहे!"

"असाल हो! सूप गार होतंय!"

कर्नल कठड्यावरून कालव्यात. त्यांची उंच टोपी तरंगत बॉस्टनला पोचली आणि तिथे निवडणुकीला उभी राहिली म्हणतात. पलीकडे खाणावळीच्या मालकीणबाई गेजकाकूंनी खुंटीवरची शाल तमारच्या डोक्यावर टाकली. तशाच तीनशे शालींत ती एक. शिपाई वाट काढून पोचेपर्यंत अंगणात ओल्या चादरी तेवढ्या होत्या. उन्हाळ्यात कॅनडाहून, जिथे तो कायदा पोचत नाही, गेजकाकूंना तमारचं पत्र आलं.

तर मित्रांनो, एवढं केलं मी, आणि आज माझ्यावर हिरवा गंज चढलाय. कधी मीठ आणि व्हिनेगर लावून घासत जा मला. जुन्या वस्तूंची कदर करावी. ज्यांनी आपणहून संकटात उडी घेतली त्यांना—

"खोटं!"

हल्डाने झाडू टाकला होता.

"गप गं, काशाची टोपली कुठली! आपणहून म्हणे. मला कचेरीतून जा म्हणाले, मी जिना खाली उतरायच्या ऐवजी वर चढले." तिने दोन्ही तळवे मुलांपुढे धरले. बोटांच्या मुळाशी आडवे, पांढरे वण होते. "तेव्हा मनोऱ्यात तुला झुलवायला दोन माणसं लागायची. मी एकटी दोराला लोंबकळले. नदीकाठच्या एकाही गिरणीने मला पुन्हा दारात उभं केलं नाही. आणि मेंढरं कोणाला म्हणतेस गं? पुलाच्या मधोमध निम्म्याजणींना कळलं होतं, शिपाई कोणाला न्यायला निघालाय ते. तरी एकही बाजूला सरली नाही."

मी काही बोलणार होते. तेवढ्यात तिने खांबावरचा माझा दोर सोडवला, मोकळा लोंबता सोडला आणि दोन पावलं मागे सरली.

"वाज की मग आता. आपणहून."

मुलं माझ्याकडे बघत राहिली. वारासुद्धा नव्हता.