हद्दीचा बोगदा

मेडशीच्या उकंडरावांच्या घरात एक नाव घ्यायची बंदी होती. नाव होतं जगदेव. तो उकंडरावांचा साळा, मनकर्णाबाईचा पाठचा भाऊ. आई लवकर गेल्यामुळे मनकर्णाबाईनंच त्याला कडेवर वागवून मोठं केलं होतं. पोरगा वाशीमला शिकायला गेला, वर्तमानपत्रं वाचू लागला, आणि उकंडरावांच्या धाकट्या बहिणीशी साखरपुडा झाल्यावर, लग्नाची तिथी धरलेली असताना, कुणाला न सांगता गोव्याच्या सत्याग्रहाला निघून गेला. साल होतं पंचावन्न. तो परत आलाच नाही.

पोरगी मांडवाशिवाय राहिली म्हणून उकंडरावांच्या घराची गावात नाचक्की झाली. पुढं तिचं लग्न झालं, लेकरंबाळं झाली, पण उकंडरावांच्या मनातली अढी गेली नाही. "त्या माणसाचं नाव या उंबरठ्याच्या आत नको," असं त्यांनी तेव्हा सांगितलं आणि मनकर्णाबाईनं ते एकोणीस वर्षं पाळलं. पाळलं म्हणजे तोंडानं पाळलं.

जगदेवसोबत गेलेला रतनसिंग नावाचा एक माणूस होता, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. तो पाय अधू होऊन परतला. एकदा बाजारात त्यानं मनकर्णाबाईला गाठलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. "बाई, आमी रुळावरून चालत हद्दीच्या बोगद्यात शिरलो. आत मिट्ट अंधार. जगदेव समोर होता, हातात झेंडा. बोगदा सरला, उजेडात आलो, अन् समोरून गोळ्या सुटल्या. थो तिथंच पडला. आमाले त्याले उचलू देल्लं नाई." मनकर्णाबाईनं भाजीची पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि घरी येऊन स्वयंपाक केला. घरात कुणाला काही कळलं नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर वाशीमचे जैन कापडदुकानदार कैलासचंद यांनी यात्रा काढली. दरवर्षी ते कुठं ना कुठं माणसं घेऊन जात. यंदा मुंबईहून बोटीनं गोवा, तिथले देव, आणि बोटीनंच परत. कपाशीची पहिली वेचणी झाली होती, हातात थोडी फुरसत होती. उकंडरावांनी दोन नावं दिली. गोवा म्हटल्यावर बायकोच्या मनात काय येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल असं नाही. पण जी गोष्ट आपण संपवली ती संपली, असं मानणारा तो माणूस होता.

वाशीमहून अकोला, अकोल्याहून मुंबई, आणि मग बोट. बोटीच्या डेकवर सगळ्यांनी सतरंज्या अंथरल्या. समुद्र पाहून बायका आधी गप्प झाल्या आणि मग त्यांना उलट्या सुरू झाल्या. ज्यांना झाल्या नाहीत अशा दोघीच होत्या. एक मनकर्णाबाई, दुसऱ्या कैलासचंदांच्या विधवा काकी भंवरीबाई. साठी उलटलेली, सडसडीत, दुकानातल्या नोकरांना अजून धाकात ठेवणारी बाई.

दुपारी कैलासचंद सगळ्यांच्या मधे उभे राहिले. "ऐका. पणजीले उतरलो की पह्यला दिवस आराम अन् बाजार. तिसऱ्या दिवशी सकाळी हेच बोट वापस. मधातला एक दिवस आपल्या हातात हाय. बसनं गेलं तं मंगेशी अन् शांतादुर्गा. नाई तं मडगावहून आगगाडी हाय, घाटातला दूधसागर धबधबा दाखोते, संध्याकाळी वापस. दोन्ही होत नाई. ज्याले बस पायजे त्यानं हात वर करा."

हातच हात वर झाले. उकंडरावांचाही झाला.

"आता आगगाडी."

"घाटातून म्हंजे कुठून जाते हे गाडी?" मनकर्णाबाईनं विचारलं. बायकांच्या घोळक्यातून प्रश्न आल्यामुळं कैलासचंद जरा थबकले. "कुळ्याहून वर, कॅसलरॉककडं. जुनी हद्द होती ना पोर्तुगीजाची, तिकडं."

मनकर्णाबाईनं हात वर केला. उकंडरावांनी मान वळवून पाहिलं. हात खाली आला नाही.

दुसरा हात भंवरीबाईंचा होता. "मले देव पाह्यचे नाई, माह्ये देव शिरपूरले हाय," त्या म्हणाल्या. "मले पानी पडताना पाह्यचं हाय."

"काकीजी, दोघींसाठी आगगाडी कोन करते?" कैलासचंद हसले. "झालं मंग. बस ठरली."

त्या संध्याकाळी कठड्याजवळ उकंडरावांनी बायकोला गाठलं. आवाज चढवला नाही. त्यांना चढवावा लागत नसे.

"काहून हात वर केला?"

"मले तिकडं जायचं हाय."

"तिकडं काही नाई. जंगल हाय."

"असंन. मले पाह्यचं हाय."

"एवढ्या लोकात माह्या तोंडाले काळं फासतं का? बसमधे बसायचं. इषय संपला."

सासरी आल्यापासून मनकर्णाबाईनं या माणसाला कधी नाही म्हटलं नव्हतं. कसं म्हणतात तेही तिला ठाऊक नव्हतं. "तुमचा संपला," ती म्हणाली, "माह्या नाई संपला." आणि जाऊन भंवरीबाईंच्या सतरंजीवर बसली.

मधल्या दिवशी पहाटेच दोघी पणजीच्या धर्मशाळेतून निघाल्या. चोरून नाही. मनकर्णाबाईनं नवऱ्याच्या उशाशी उभं राहून सांगितलं, "मी जाऊन राह्यली." उकंडराव जागे होते. ते म्हणाले, "बोट कोनासाठी थांबत नाई. गेली तं तिकडंच राह्य." तिनं चपला घातल्या.

विचारत विचारत त्यांनी बस धरली, खाडी तरीच्या होडीतून ओलांडली, पलीकडं दुसरी बस, आणि मडगावचं स्टेशन. गाडी लहान रुळांची होती, अगदी वाशीमच्या गाडीसारखी. ते पाहून मनकर्णाबाईचा जीव थोडा भांड्यात पडला. भंवरीबाईंनी खिडकी धरली. नारळ, भातखाचरं, लाल माती मागं गेली आणि गाडी दोन इंजिनं लावून घाट चढू लागली. दूधसागरला अख्खा डोंगर पांढरा झाला होता. तुषार खिडकीतून आत आले. भंवरीबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी उचलली. "चाल, उतरू."

"काकी, तुमी उतरा. मले समोर जायचं हाय." आणि मग त्या डब्यात, अनोळखी माणसांच्या देखत, मनकर्णाबाईनं पहिल्यांदा सगळं सांगितलं.

भंवरीबाईंनी ऐकून घेतलं. गाडी सुटायची शिटी झाली तेव्हा त्यांनी पिशवी पुन्हा बाकाखाली सरकवली. "धबधबा तं दिसला," त्या म्हणाल्या.

हद्दीच्या बोगद्याअलीकडं एक लहानसं स्टेशन होतं. तिथं उतरणाऱ्या त्या दोघीच. स्टेशनमास्तर बाहेर आला. इथं गाव नाही, देऊळ नाही, तुम्ही चुकून उतरलात, असं त्यानं समजावलं.

"चुकून नाई उतरलो," मनकर्णाबाई म्हणाली. "बोगदा कोनीकडं हाय?"

"रुळावरून जाता येणार नाही, बाई. परवानगी लागते."

"माह्या भाऊ इथून रुळावरूनच आल्ता. त्याले कोनी परवानगी देल्ली होती? इथंच मारला त्याले, पंचावन साली. तुमी मले अडवा, मी बसून राहीन. गाडीनं जानार नाई."

मास्तर तरुण होता. पंचावन्न सालाबद्दल त्यानं ऐकलं असावं किंवा नसावंही. त्यानं घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "आता इकडून गाडी नाही. पण शिटी ऐकली की रुळाच्या बाजूला व्हा, आणि परतीच्या गाडीआधी या." आणि आत जाऊन खुर्चीवर बसला.

दोघी रुळाच्या कडेनं चालत गेल्या. खडीवर भंवरीबाईंचा पाय मुरगळत होता, तरी त्या चालत राहिल्या. वळण घेतलं आणि बोगद्याचं तोंड दिसलं. काळ्या दगडाची कमान, तिच्यावर शेवाळ, आतून गार वारा, पाण्याची टिपटिप.

आपण इथं आलो की रडू येईल, असं मनकर्णाबाईला इतकी वर्षं वाटत होतं. ते आलं नाही. तिनं आजूबाजूला पाहिलं. एखादा दगड, एखादी पाटी, एखादी खूण असेल असं ती धरून चालली होती. काहीच नव्हतं. बाजूला नेच्याची झुडपं माजली होती आणि रूळ चकचकीत होते. गाड्या रोज इथून जात होत्या आणि कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिला राग आला. गोळ्या झाडणाऱ्यांचा आला, घरच्यांचा आला, आणि एकोणीस वर्षं तोंड मिटून बसलेल्या स्वतःचाही आला.

"जगदेव," तिनं हाक मारली. वावरातून जेवायला बोलवायची तशी, लांबलचक. बोगद्यानं ती आत नेली. तिनं पुन्हा मारली. भंवरीबाई बाजूला उभ्या राहून हात जोडून णमोकार मंत्र म्हणत होत्या.

मनकर्णाबाईनं पिशवीतून मेडशीहून आणलेली, आता वाळलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा काढला आणि कमानीच्या पायथ्याशी, सपाट दगडावर ठेवला. "नाव घेतल्याबिगर एकही दिस जाऊ देनार नाई आता," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते भंवरीबाईंनी विचारलं नाही.

परतीची गाडी मालगाड्यांना वाट देत देत रखडली. मडगावला पोचेपर्यंत अंधारलं होतं आणि खाडीवरची शेवटची होडी चुकणार हे उघड होतं. सूर्य बुडाल्यामुळं भंवरीबाईंनी अन्नाला हात लावला नाही. बायकांच्या वेटिंगरूममध्ये दोघींनी रात्र काढली. सकाळी पहिल्या बसनं निघाल्या, तरीत उभ्या राहिल्या आणि पणजीच्या धक्क्यावर आल्या तेव्हा बोटीचा भोंगा वाजत होता.

यात्रेची सगळी माणसं डेकवर होती. कैलासचंद वरून हात हलवत ओरडत होते. खाली धक्क्यावर, ट्रंक आणि दोन वळकट्या पायाशी घेऊन, उकंडराव एकटे उभे होते.

"तुमी चढले नाई?" मनकर्णाबाईनं विचारलं.

उकंडरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "गावात काय सांगू? बायको कुठं ठेवली म्हनून?" त्यांनी ट्रंक उचलली. शिडीशी गेल्यावर, तसंच पाठमोरं, त्यांनी विचारलं, "काही होतं तिथं?"

"काही नाई. कोनी काही ठेवलंच नाई," ती म्हणाली. "जगदेवच्या नावाचा गोटासुद्धा नाई."

नाव ऐकून त्यांचा पाय शिडीवर क्षणभर थांबला. मग ते वर चढले. मुंबईपर्यंत नवराबायकोत बोलणं झालं नाही. भंवरीबाईंनी मात्र डेकवर जो कुणी जवळ येईल त्याला बोगद्याची गोष्ट सांगितली. देवदर्शनाची गोष्ट त्यापुढं कुणी ऐकून घेईना, म्हणून कैलासचंद थोडे नाराज होते.

मेडशीला आल्यावर दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका उकंडरावांच्या ओसरीत जमल्या. समुद्र केवढा असतो, बोट हलते का, देव कसे आहेत. तुळसाबाई म्हणून शेजारची होती, तिनं विचारलं, "देव कोनते पाह्यले?"

"म्या देव नाई पाह्यले," मनकर्णाबाई म्हणाली. "माह्या भाऊ जगदेव जिथं पडला, थे जागा पाह्यली."

बाहेर ओट्यावर उकंडराव पान लावत बसले होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला. एरवी त्या आवाजावर घरात सगळं गप होत असे. बायकांनी मनकर्णाबाईकडं पाहिलं. तुळसाबाई तर उठायलाही लागली.

"बस, तुळसा," मनकर्णाबाई म्हणाली, आणि बाहेरपर्यंत नीट ऐकू जाईल इतका आवाज वाढवून तिनं पंचावन्न सालापासून सांगायला सुरुवात केली.