नासपतीच्या लाकडाच्या कोयऱ्या

माझ्या सुनेचे हात कधी रिकामे नसतात आणि पाय कधी घरात टिकत नाहीत. आज हे मी कौतुकानं सांगतेय. इथे आले त्या पहिल्या महिन्यात विचारलं असतंत, तर नाक मुरडून सांगितलं असतं.

सरिता आणि माझा उत्कर्ष, दोघांनाही जर्मनीतल्या बॉबलिंगेन शहरातल्या नोकऱ्या घरून करायची मुभा मिळाली आणि दोघं आल्प्सच्या पायथ्याशी या गावात राहायला आली. घराखालच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सरितानं एक बाक टाकला, पटाशा-करवती मांडल्या आणि सुतारकाम सुरू केलं. शनिवारी सकाळपासून ठाकठूक. पण दुपारी एक ते तीन रुहेत्साइट, म्हणजे इथली शांततेची वेळ. तेवढ्या वेळात कुणी कापायचं नाही, ठोकायचं नाही. दुसरी एखादी बाई आडवी झाली असती. ही अंगावरचा भुसा झटकते, स्की खांद्यावर टाकते आणि चालली डोंगरावर! रविवारी तर दिवसभर आवाज बंद, म्हणून दिवसभर बर्फ. लाकडाला तेल पाजलं की ते जिरेपर्यंत थांबावं लागतं, तेव्हाही बाईसाहेब बर्फावरच.

"अगं, हातबीत मोडला तर पटाशी कोण धरणार?" मी विचारायची.

"आई, स्की शिकवताना आधी पडायलाच शिकवतात," ती म्हणायची आणि गेलीसुद्धा!

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिनं कोयऱ्या करायला घेतल्या. शेजाऱ्याकडे नासपतीचं वाळलेलं लाकूड पडून होतं, ते मागून आणलं. आंब्याच्या आकाराची इवलीशी डबी, आत हळद आणि कुंकू असे दोन खण, वर एका खिळ्यावर फिरणारं झाकण. काय सुरेख करते हो! पॉलिशपेपरनं घासायचं काम मात्र माझ्याकडे. मीही मन लावून घासत होते, उगाच कशाला खोटं बोलू?

एका संध्याकाळी म्हटलं, "घासून सगळ्या देते. पण त्या दिवशी मी खाली केलरमध्ये बसेन. सवाष्णींचं काम ते."

हे गेल्यापासून मी हळदीकुंकवाला बाहेरच्या खोलीत येत नाही. पुण्यात मला कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. पण 'या' असंही कुणी म्हटलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

सरिता कोयरीचं झाकण फिरवून बघत बसली. मला असा राग आला! अगं, निदान तोंडदेखलं तरी 'असं काय हो आई' म्हणावं की नाही?

हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री भरपूर बर्फ पडला. सकाळी सरितानं ताट लावलं, तिळगूळ, अत्तरदाणी, कोयऱ्यांची परडी, सगळं जागच्या जागी. आणि दुपारी पाहते तर स्की खांद्यावर!

"आज?" मी ओरडलेच.

"असा बर्फ रोज पडत नाही, आई. चारच्या आत येते."

घरात हळदीकुंकू आणि मालकीण डोंगरावर! धन्य आहे बाई!

चार वाजत आले. बॉबलिंगेनहून तिच्या मैत्रिणी गाड्या करून आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यांना आणि पोरांना घेऊन उत्कर्ष घसरगाड्या खेळायला गेला होता. सरिताचा पत्ता नाही. खाली रस्त्यावर बायकांचा कलकलाट ऐकू आला, तशी मी शाल घेऊन केलरकडे निघाले. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, डोंगरावरची लिफ्ट बंद पडलीय, मध्येच अडकलेय. वारा फार आहे वर. तुम्ही सुरू करा ना."

"मी?"

"तुम्हीच. ताट तयार आहे."

फोन कानाला धरून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. समोरच्या डोंगरावर लिफ्टच्या खुर्च्या एकामागून एक शिस्तीत वर चालल्या होत्या. झाडांवरचा बर्फ तसूभर हलत नव्हता.

लबाड कुठली!

"सरिता, फार वारा आहे का गं?"

"फार." मग जरा थांबून, हळूच म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर आत्ता येते खाली. पाच मिनिटांत."

बेल वाजली. दाराबाहेर बायका बूट आपटून बर्फ झाडत होत्या.

"राहू दे," मी म्हटलं. "वारा पडला की ये."

शाल खुर्चीवर टाकली आणि दार उघडलं. सगळ्यांत पुढे वल्लरी होती, सरिताची मैत्रीण, काळी पैठणी आणि वर फुगीर जाकीट. मी ताट उचललं. तिला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात कोयरी ठेवली. रिवाजाप्रमाणे तिनंही ताटातलं कुंकू बोटावर घेतलं, माझ्या कपाळाकडे नेलं आणि मध्येच थांबली.

"काकू, लावू ना?"

"विचारतेस काय?" मी कपाळ पुढे केलं. "लाव."